मे महिन्यात नेपाळ की उत्तर भारत? बजेट हॉटेलांचे दर, शहराला शहर लावून

गोदाकाठचा_प्रवासी

मंडळी, नमस्कार.

मे महिन्यात नाशिकहून नेपाळ करायचं घाटतंय. मी, बायको, दोन मुलं आणि आई-बाबा, म्हणजे दोन खोल्या. नाशिकरोडहून रेल्वेने काशी, मग गोरखपूर, सुनौलीच्या सीमेवरून लुंबिनी, पुढे पोखरा, काठमांडू आणि जमलं तर परतीला जनकपूर. एका खोलीला रात्रीचे दीड हजार भारतीय रुपये ही मर्यादा. चैन नको. बाथरूम स्वच्छ, गरम पाणी आणि आईच्या गुडघ्यांना झेपेल असा जिना, बस.

अ‍ॅपवर दर बघून एक एक्सेल केलंय आणि आता त्या एक्सेलनेच डोकं फिरवलंय. काठमांडूच्या थामेल भागात बाराशे-तेराशेला बऱ्या खोल्या दिसतात. एवढ्यात आपल्या नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळ शनिवारी लॉज मिळायची मारामार. राजधानीचं शहर आणि असं? उलट भैरहवा, जे सीमेवरचं गाव, तिथे बरं हॉटेल दोन हजारांच्या खाली येतच नाही. पोखरा तर दार्जिलिंगच्या जवळजवळ निम्म्यात. लुंबिनी आणि बोधगया दोन्ही बुद्धाचीच, पण दरांचा एकमेकांशी काही मेळ नाही.

हे आकडे खरे धरायचे का? आणि रात्री कुठे जास्त ठेवू, इकडे की तिकडे?

सातपूरकर

आधी एकच विचारतो. ते बाराशे आयसी, म्हणजे भारतीय रुपये, आहेत की एनसी?

गोदाकाठचा_प्रवासी

आयसी. अ‍ॅप रुपयाचं चिन्ह दाखवतंय.

सातपूरकर

मग ठीक. विचारलं कारण तिकडे फोनवर रेट विचारला की "पच्चीस सौ" म्हणतात आणि आपण गार होतो. एनसी म्हणजे नेपाळी. १०० आयसी म्हणजे १६० एनसी, १९९३ पासून हाच दर बांधलेला आहे, त्यामुळे हिशोब सोपा: नेपाळी आकड्याला १.६ ने भागा. १,६०० म्हणजे हजार, २,४०० म्हणजे दीड हजार. म्हणजे तुमची मर्यादा २,४०० एनसी. फोनवर दर ठरवताना पहिलं वाक्य हेच बोलायचं, "आयसी कि एनसी?"

दुसरं म्हणजे टॅक्स. नेपाळात व्हॅट १३ टक्के आहे. अ‍ॅपवर पहिल्या पानावर दिसणाऱ्या आकड्यात तो बहुतेक वेळा नसतो. २,४०० ची खोली व्हॅट लागून २,७१२ होते, म्हणजे आपले १,६९५. काही ठिकाणी आधी १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर व्हॅट, मग तीच खोली २,९८३ वर जाते. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. तेव्हा एक्सेलमध्ये एक रकाना वाढवा, "हातात पडणारं बिल". निम्मा घोळ तिथेच संपेल.

इंदिरानगरची_जाई

हो, पण थामेलमधली छोटी घरगुती गेस्टहाउसं व्हॅटचं बिल देतच नाहीत. त्यांची उलाढाल कमी असते, फक्त पॅन नंबर असतो, ते पॅन बिल देतात आणि सांगितलेला दर हाच शेवटचा दर. स्वस्ताईचं अर्धं कारण हेच. आपल्याकडेही छोट्या लॉजचं तेच चालतं की.

भटकी_मावशी

धागा छान. जरा लांबण लावते, चहा घेऊन बसा.

दर शहराचे नसतात, महिन्याचे असतात. तू एकाच महिन्याचं एक्सेल केलंयस म्हणून तुला पोखरा निम्म्यात दिसतंय. हेच एक्सेल नोव्हेंबरचं करून बघ.

दार्जिलिंग, मनाली, नैनीताल ही आपल्या शाळांच्या सुट्टीवर जगणारी गावं. एप्रिल अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत तिथे खोलीवाला राजा. नेपाळची हॉटेलं उभी राहिली ती गोऱ्या ट्रेकर लोकांच्या जीवावर. साठ-सत्तरच्या दशकात काठमांडूच्या झोछेंमध्ये, ज्याला फ्रीक स्ट्रीट म्हणायचे, हिप्पी येऊन राहू लागले, मग धंदा थामेलमध्ये सरकला. ट्रेकरला हवं निरभ्र आकाश. ते मिळतं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि थोडं मार्च-एप्रिलमध्ये. मे उजाडला की धुरकट हवा, डोंगर दिसत नाहीत, गोरा माणूस घरी जातो. खोल्या मात्र त्या गर्दीच्या हिशोबाने बांधलेल्या, त्या रिकाम्या पडतात. म्हणजे आपला सीझन सुरू होतो तेव्हा त्यांचा संपत आलेला असतो. हा सांधा धरायचा.

हल्ली मे-जूनमध्ये आपलीच माणसं नेपाळात भरपूर असतात, ते खरं. पण ती टूरच्या बसने येतात आणि मोठ्या हॉटेलांत उतरतात. पोखऱ्याच्या लेकसाइडच्या मागच्या गल्लीतल्या तिमजली गेस्टहाउसात त्यांची बस शिरतच नाही. पोखऱ्यात तलावासमोरचा मुख्य रस्ता सोडून दोन गल्ल्या आत गेलीस… गेलास… (मी सगळ्यांना मैत्रीणच समजते, हलके घ्या.) की दर धाडकन उतरतो. १,५०० ते २,००० एनसीमध्ये बाल्कनीची खोली मेमध्ये मिळावी. डॅमसाइड आणखी शांत, पण संध्याकाळी मुलं कंटाळतील.

उलट दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी नेपाळ स्वस्त आहे असं कुणाला सांगू नये. दसैं-तिहार (त्यांचे दसरा-दिवाळी), ट्रेकर आणि आपण, तिघं एकदम. तेव्हा मे महिन्याचा दर दाखवून घासाघीस केलीत तर हसतात.

आता काशी. काशीचं मेमध्ये नेपाळसारखंच, उलट जास्तच. चाळीसच्या पुढे पारा, भाविक कमी, दर तळाला. थंडीत आणि देवदिवाळीला, म्हणजे कार्तिक पौर्णिमेला, त्याच खोलीसाठी काय वाटेल ते मागतात. २०२५ च्या प्रयागराज कुंभात तर त्रिवेणीवरून माणसं सरळ काशीला येत होती आणि घाटाकडच्या लॉजवाल्यांनी हात धुऊन घेतले. पण तळाचा दर बघून भुलू नकोस. मेमध्ये काशीला एसी लागतोच, तोही चालणारा.

मखमलाबाद_नाका

मावशी __/\__ वाचनखूण साठवली.

पंचवटीतला_लॉजवाला

मावशींनी सीझनचं बरोबर सांगितलं, मी गल्ल्याच्या आतल्या बाजूने सांगतो. पंचवटीत आमचं छोटं लॉज आहे, वडिलांपासून.

एसी आला की हिशोब बदलतो. आमच्याकडे उन्हाळ्यात एसी खोलीचा विजेचा खर्च नॉन-एसीच्या कितीतरी पट होतो. काठमांडू चौदाशे मीटरवर आहे, तिथे मेमध्ये पंख्यावर भागतं. पोखरा आठशेच्या आसपास, तिथेही पंखा चालून जातो, दुपारी थोडं उकडेल. त्यामुळे तिथल्या गेस्टहाउसवाल्याचा खर्चच कमी. गरम पाणी सोलरचं. भैरहवा, लुंबिनी, जनकपूर हा तराईचा सपाट पट्टा, बिहार-यूपीसारखाच तापतो. तिथे एसी, एसीला बॅकअप म्हणून जनरेटर, जनरेटरला डिझेल. हे सगळं तुमच्या बिलात येतं. तेव्हा काठमांडूची नॉन-एसी खोली आणि भैरहव्याची एसी खोली एका रकान्यात टाकून "राजधानी स्वस्त, खेडं महाग" म्हणणं बरोबर नाही. नॉन-एसीला नॉन-एसी लावा, मग बोला.

भैरहव्याचं आणखी एक. तिथे पर्यटक रात्र काढायला उतरत नाही, कामाचा माणूस उतरतो. व्यापारी, कंपन्यांचे लोक, आणि कॅसिनोची गिऱ्हाइकं. नेपाळात कॅसिनोत नेपाळी माणसाला खेळायची बंदी आहे, म्हणजे गिऱ्हाईक कोण? आपलेच, सीमेपलीकडचे. बिल खिशातून न भरणारा किंवा जिंकायला आलेला माणूस दोनशे रुपयांसाठी घासाघीस करत नाही. असं गिऱ्हाईक असेल तर कुठलाही लॉजवाला रेट का उतरवेल? मी पण उतरवणार नाही.

तुम्हाला तिथे रात्र काढायचं कारणच नाही. गोरखपूरला सकाळी उतरलात तर सुनौली बसने तीन तासांच्या आसपास, आणि तिथून लुंबिनी पंचवीसेक किलोमीटर. दुपारपर्यंत थेट लुंबिनी.

सातपूरकर

लॉजवाले दादा, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गाडी दिसली की तुम्ही काय करता ते पण सांगा ना :)

पंचवटीतला_लॉजवाला

सांगतो की, लपवायचं काय? वाढवतो. श्रावणी सोमवारी त्र्यंबकला वाढतो, द्राक्षांच्या दिवसात वाढतो, सलग सुट्ट्यांना वाढतो. पावसाळ्यातल्या मंगळवारी मीच खोली रिकामी ठेवून बसलेला असतो, तेव्हा कुणी येऊन "काय दादा, माणुसकी दाखवता का" म्हणत जास्त पैसे देत नाही. २०२७ च्या सिंहस्थात शाही स्नानाच्या तारखांना काय होईल ते तर आताच लोक फोन करून विचारताहेत.

त्रिरश्मी

लुंबिनी-बोधगया प्रश्नावर मी बोलू शकते, आमचं घर पांडवलेण्यांच्या पायथ्याशीच आणि आमच्या घरून दरवर्षी कुणी ना कुणी धम्मयात्रेला असतं.

दोन्ही गावांत तळाचा दर हॉटेल ठरवत नाही, विहार ठरवतात. बोधगयेला ब्रह्मदेश, भूतान, तिबेट, थायलंड अशा देशोदेशींच्या विहारांपैकी काही ठिकाणी यात्रेकरूंची राहायची सोय असते, दानावर किंवा अगदी नाममात्र दरात. त्यामुळे आसपासच्या साध्या हॉटेलांना फार चढता येत नाही. पण डिसेंबर ते फेब्रुवारी तिबेटी आणि परदेशी उपासकांची अफाट गर्दी असते, तेव्हा विहार भरतात आणि मग हॉटेलवाले सुटतात. मेमध्ये बुद्धपौर्णिमेचे चार दिवस सोडले तर बोधगया रिकामी.

लुंबिनीची रचना वेगळी आहे. जपानी वास्तुरचनाकार केन्झो टांगे यांनी १९७८ मध्ये त्याचा आराखडा केला. मायादेवी मंदिराभोवतीची बाग, उत्तरेला विहारांचा पट्टा, आणि आत बाजार नाही. हॉटेलं सगळी बाहेर, पूर्वेच्या वेशीसमोरच्या बाजारात. आतल्या कोरियन विहारात राहता येतं, जेवणासकट, अगदी कमी दरात. खोल्या साध्या, गादी जमिनीवर, जेवण शाकाहारी, ताट आपलं आपण धुवायचं. मला आवडतं. पण काकूंच्या गुडघ्यांना जमिनीवरची गादी झेपणार नसेल तर बाजारातलं हॉटेल बघा. बाजारात नॉन-एसी १,२०० ते १,८०० एनसी, एसी मागितला की २,५०० च्या पुढे. टूरच्या बसगाड्या लुंबिनी दोन तासांत उरकून निघून जातात, म्हणून रात्री मागणी कमी असते. संध्याकाळी समोर जाऊन खोली बघून ठरवलंत तर दर नक्की उतरतो.

(अवांतर: बुद्धाचा जन्म नक्की कुठल्या देशातला यावर तिथे चहाच्या टपरीवर वाद घालू नये. चहा थंड होतो.)

इंदिरानगरची_जाई

खोली स्वस्त आणि जेवण महाग, हे कुणीच लिहिलं नाही अजून! काशीत सकाळी कचोरी-जिलबी, दुपारी साधी थाळी, सहा माणसं पोटभर जेवली तरी खोलीच्या भाड्याच्या आत बसतात. थामेल आणि लेकसाइडला दाल-भाताची थाळी ३०० ते ५०० एनसी. वाढणी हवी तेवढी घ्या, हे खरं, पण लहान मुलं कितीदा घेणार? पोळी वेगळी मागितली की वेगळे पैसे. सहा जणांचं दोन वेळचं जेवण आणि नाश्ता धरला तर खोलीत वाचलेले पैसे तिथे जातात. आईबाबा माळकरी असतील तर आधीच शुद्ध शाकाहारी जागा बघून ठेवा, मिळतात, पण त्या पर्यटकी दराच्या असतात.

म्हणून मी तर फक्त खोलीची तुलना करतच नाही. खोली अधिक सहा जणांचं जेवण, असा रात्रीचा आकडा धरा. काशी पुन्हा स्वस्त निघेल.

भटकी_मावशी

जाई, तुझं पटतंय, अर्धवट. थामेलच्या चार पावलं बाहेर, असन बाजाराच्या बाजूला गेलं की तीच थाळी बरीच कमी किमतीत मिळते. पण म्हाताऱ्या माणसांना घेऊन दर वेळी तेवढं चालणं होत नाही, हेही आहेच.

गोदाकाठचा_प्रवासी

जबरदस्त माहिती. बाबांचा मुक्तिनाथाचा आग्रह आहे, ते लिहायचं राहिलं. तिकडचे दर अ‍ॅपवर चारशे-पाचशे आयसी दिसतात, तेवढ्यात तर आपल्याकडे फक्त खाट मिळेल!

मखमलाबाद_नाका

तो सापळाच आहे. मुक्तिनाथ-जोमसोमकडे जुनी पद्धत अशी की खोली नावापुरत्या पैशात द्यायची आणि जेवण तिथेच करायचं, हे गृहीत धरलेलं. बाहेर जेवून आलात तर खोलीचा दर बदलतो किंवा मालकाचा चेहरा बदलतो. दाल-भात तिथे पोखऱ्यापेक्षा बराच महाग, सगळा माल खालून चढवायचा म्हटल्यावर होणारच. चितवनच्या सौराहाला पण हीच युक्ती: खोली स्वस्त, जंगल सफारीचं पॅकेज आमच्याकडूनच घ्या.

शिवाय मुक्तिनाथ अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात येतं, त्याचं परमिट सार्क देशांच्या माणसाला १,००० एनसी, बाकीच्या परदेशी लोकांना ३,०००. सहा जणांचं धरून ठेवा. देऊळ ३,७०० मीटरच्या वर आहे, बाबांना एकदा डॉक्टरांना विचारूनच न्या. वाटेत जोमसोम किंवा मार्फात एक रात्र थांबलात तर बरं, आणि ती रात्र खर्चात आधीच धरा.

नवखा_नाशिककर

अ‍ॅपवरून बुक करावं की जाऊन बघावं?

पंचवटीतला_लॉजवाला

पहिली रात्र अ‍ॅपवर, कारण थकलेल्या माणसाला घासाघीस जमत नाही. पुढच्या रात्री समोर. अ‍ॅपचं कमिशन वाचतं, ते आम्ही आणि गिऱ्हाईक वाटून घेतो, हे तुम्हाला कुठलाही लॉजवाला उघड सांगणार नाही, मी सांगतोय.

आणि चेक-आउट विचारा. आपल्याकडे तीर्थाच्या गावी अजून पुष्कळ लॉज चोवीस तासांचं चेक-आउट देतात, आलात त्या वेळेपासून चोवीस तास. काशीला पहाटे गाडीतून उतरणाऱ्याला ते सोन्यासारखं. बारा वाजताचं ठरलेलं चेक-आउट असलं आणि तुम्ही पहाटे पाचला पोचलात तर अर्ध्या दिवसाचे पैसे वेगळे लागतात. नेपाळात दुपारी अकरा-बाराचंच धरा. एक्स्ट्रा बेडचंही आधी ठरवा. मुलांचं वय विचारतात, एका ठिकाणी फुकट, दुसऱ्या ठिकाणी गादीचे चारशे.

त्रिरश्मी

लिफ्टबद्दल: थामेलच्या जुन्या गेस्टहाउसांत लिफ्ट नसते आणि स्वस्त खोली म्हणजे हमखास चौथा मजला. फोनवर "ग्राउंड या फर्स्ट फ्लोर" असं वदवून घ्या, शक्य तर मेसेजमध्ये.

सातपूरकर

पैशाचं थोडं. २०२४ च्या मार्चपासून नेपाळात फोनपेच्या (त्यांची कंपनी, आपली फोनपे वेगळी) क्यूआरवर आपली यूपीआय चालते. मोठ्या दुकानांत, हॉटेलांत जमतं. मुक्तिनाथच्या वाटेवर नेट आणि क्यूआर दोन्हींवर विसंबू नका. रोख न्याल ती शंभराच्या नोटांत न्या, त्यावर कुणी बोट ठेवत नाही. आणि सुट्टे देताना कुणी १०० ला १५० लावतो, तिथे मोजून घ्या.

ओळखपत्र म्हणून मोठ्यांचं मतदार कार्ड किंवा पासपोर्ट. नुसत्या आधारवर मोठ्या माणसाने विमानाने जाऊ नये, परत पाठवतात.

गोदाकाठचा_प्रवासी

सगळ्यांचे आभार. एक्सेल पुन्हा केलं. आता असं ठरतंय: काशीला एसी खोलीत एकच रात्र, गोरखपूरला मुक्काम नाही, लुंबिनीला बाजारात एसी, त्या एका रात्री मर्यादा मोडू. मेमधला स्वस्त मुक्काम पोखऱ्यात जास्त आणि काठमांडूत थोडा. मुक्तिनाथ डॉक्टरांच्या हो-नाहीवर. नोव्हेंबरला पुढे ढकलायचा विचार होता, तो मावशींमुळे रद्द.

जनकपूरचं काय करू? आईला सीतेचं माहेर बघायचंय. पंचवटीत सीतागुंफेपाशी जन्म गेला तिचा, तिला नाही कसं म्हणणार?

भटकी_मावशी

मग जाच. रामनवमी आणि विवाहपंचमी सोडली तर जनकपुरात खोलीची चणचण नसते. मेमध्ये एसी मात्र घ्या, तिथे काटकसर बघू नका. जानकी मंदिराच्या समोरच्या गल्लीत सगळी हॉटेलं एकाला एक लागून आहेत, तीन-चार बघून घ्या.

तिथून कुर्था-जनकपूर-जयनगर अशी रेल्वे २०२२ च्या एप्रिलपासून धावते आहे. गाड्या कुणी पुरवल्या माहितीये? आपल्या कोकण रेल्वेने. जयनगरला उतरलात की पवन एक्सप्रेस थेट नाशिकरोडला आणून सोडते, मध्ये गाडी बदलायची भानगड नाही.

मखमलाबाद_नाका

पवनचं परतीचं तिकीट साठ दिवस आधी सुटतं आणि मे महिन्यात पहिल्या तासात वेटिंग लागतं. हॉटेलं नंतर बघा, आधी ते काढा. सहा बर्थ एका डब्यात हवेत ना?

गोदाकाठचा_प्रवासी

हो, आणि दोन खालचे. उद्या सकाळी आठला लॉग-इन करून बसतो.